शोध दोन वर्षांचा, संरक्षण तीन दिवसांचे

सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळू लागतात, सही पूर्वीसारखी येत नाही, चालताना पायांखालची जमीन कापसासारखी मऊ भासते, जिना उतरताना कठडा धरावासा वाटतो. अशा तक्रारी घेऊन दवाखान्याची पायरी चढणारा माणूस ‘मान दुखते’ असे सहसा सांगत नाही, कारण पुष्कळदा त्याची मान दुखतही नसते. या साऱ्याचे मूळ मानेत असू शकते हे त्याच्या ध्यानी येत नाही. खेदाची बाब अशी की, अनेकदा ते त्याच्या डॉक्टरांच्याही ध्यानी येत नाही.

मानेच्या सात मणक्यांमागील पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. वयोमानाप्रमाणे मणक्यांमधील चकत्या झिजतात व फुगतात, हाडांच्या कडांना टोके फुटतात, अस्थिबंध जाड होतात. ही पोकळी ज्यांच्या ठायी मुळातच अरुंद असते, त्यांच्या मज्जारज्जूवर त्यामुळे हळूहळू दाब येतो. मग हातांचे कौशल्य जाते, चाल अस्थिर होते आणि पुढे लघवीवरचा ताबाही सुटू लागतो. २०१५ साली संशोधकांनी या प्रकारच्या विकारांना ‘डीजनरेटिव्ह सर्व्हायकल मायलोपॅथी’ असे एकत्रित नाव सुचविले. प्रौढांमध्ये मज्जारज्जूचे कार्य बिघडण्याचे हे सर्वांत सामान्य कारण मानले जाते. एवढा सामान्य विकार इतका अपरिचित राहावा, यातच प्रश्नाचे बीज आहे.

इस्रायलमधील एका अभ्यासात (२०१३) असे आढळले की, पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत रुग्णांची सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता. मधल्या काळात अनेकांवर मनगटातील शीर दबल्याचा शिक्का बसला होता. आपल्याकडे हा शिक्का बहुधा ‘स्पॉन्डिलायटिस’चा असतो. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेच्या क्ष-किरण चित्रात झीज दिसतेच. परंतु त्या चित्रात हाड दिसते; मज्जारज्जू दिसत नाही. झीज सापडली की कारण सापडले असे मानले जाते, गळ्यात पट्टा येतो, वेदनाशामक गोळ्या सुरू होतात आणि शोध थांबतो. कोणी मान मोडून घेण्याचाही सल्ला देतो, जो अशा रुग्णाला घातक ठरू शकतो.

विलंबाने केवळ मनस्ताप झाला असता, तर गोष्ट वेगळी होती. दीर्घकाळ दबलेला मज्जारज्जू दाब काढल्यावरही पूर्ववत होईलच असे नाही. शस्त्रक्रियेने पुढचा ऱ्हास बहुधा थांबतो, काही शक्ती परत येते; मात्र विलंब जितका अधिक तितकी ही आशा कमी. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मध्यम व तीव्र विकारात शस्त्रक्रियेची शिफारस केली, ती याच कारणाने. सौम्य विकारात शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालील व्यायामोपचार हे दोन्ही पर्याय त्यांनी खुले ठेवले आहेत. पण पर्याय निवडण्याची संधी ज्याचे निदान झाले, त्यालाच मिळते.

येथे अर्थकारणाचा विचार अपरिहार्य ठरतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. तथापि २०१८ साली सुरू झालेली आणि कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांचे संरक्षण देणारी ‘आयुष्मान भारत’ योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीच्या केवळ तीन दिवसांचा खर्च तीत धरला जातो. म्हणजे मानेची खर्चिक शस्त्रक्रिया शासन करून देईल; पण तिची गरज आहे हे कळेपर्यंतच्या दोन वर्षांतील तपासणी शुल्क, औषधे, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा भार रुग्णानेच वाहावयाचा. उपचाराला निधी आणि निदानाला उपेक्षा, असा हा उफराटा न्याय आहे.

त्याचा सर्वांत मोठा फटका ज्याचे शरीर हेच भांडवल, त्याला बसतो. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या मानेत झीज अधिक आढळते, असे आफ्रिकेतील हमालांच्या पाहणीत १९९० च्या दशकात दिसून आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचविली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून हमालाच्या मजुरीला आणि भविष्यनिर्वाह निधीला संरक्षण दिले, हे या राज्याचे भूषण होय. परंतु चाळिशीत ज्याच्या हातातून पोते निसटू लागते, त्याच्यावर कामचुकारपणाचा आरोप होण्याचीच शक्यता अधिक.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक दुखऱ्या मानेचे एम.आर.आय. काढणे देशाला परवडेल काय? परवडणार नाही, आणि ते इष्टही नाही. कारण कोणतीही तक्रार नसलेल्या वयस्कांच्या चित्रातही मज्जारज्जूवर दाब दिसू शकतो आणि त्यातून अनावश्यक शस्त्रक्रिया ओढवू शकते. यंत्राआधी हात आणि डोळे यांचे काम आहे. १९८७ साली जपानी शल्यविशारदांनी एक साधी चाचणी वर्णन केली: दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा उघडता-मिटता येईल तितक्या वेळा करावयाची. निरोगी माणूस वीस वेळा तरी करतो. तिच्या जोडीला टाचेला बोटे लावून सरळ रेषेत चालविणे आणि लहान हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया पाहणे, एवढे प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. याला भांडवल लागत नाही. लागतो तो पाच मिनिटांचा वेळ आणि संशय घेण्याची सवय.

तेव्हा मार्ग स्पष्ट आहे. प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांना या चाचण्यांचे प्रशिक्षण मिळावे. त्यांत संशय बळावलेल्या रुग्णाचे एम.आर.आय. दाखल होण्याची अट न घालता योजनेच्या खर्चाने व्हावे. माथाडी मंडळांनी आपल्या सदस्यांची ही तपासणी वर्षातून एकदा करवून घ्यावी. यासाठी लागणारा पैसा हा खर्च म्हणून मांडणे चुकीचे ठरेल. मिळवता हात निकामी झाल्यावर त्या घराची जी मिळकत बुडते आणि त्या घरातील मुलाची जी शाळा सुटते, ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पण तिची वसुली समाजाकडून झाल्याखेरीज राहत नाही.