विक्रमाचा आकडा कसा वाचावा?

शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात क्रीडा-अहवाल वाचला जातो, तेव्हा सर्वाधिक धावा काढणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव येताच टाळ्यांचा कडकडाट होतो. हे कौतुक योग्यच होय. परंतु पुष्कळ पालक तो आकडा घरी नेतात आणि “त्याने इतक्या काढल्या, तू काय केलेस?” असे आपल्या मुलाला जेवताना विचारतात. म्हणून विक्रमाचा आकडा वाचावा कसा, याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम सरासरी पाहू. फलंदाजाच्या एकूण धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत. तो जितक्या वेळा बाद झाला, त्या संख्येने भागतात. समजा, एका मुलाने तीन डावांत ६०, नाबाद ४० आणि २० धावा काढल्या. बेरीज १२०, बाद दोनदा. म्हणून सरासरी ६०. दुसऱ्याने तितक्याच धावा तीनही डावांत बाद होऊन काढल्या, तर त्याची सरासरी ४०. धावा सारख्या, पण सरासरीत केवढा फरक! तेव्हा आकड्यामागची रीत ठाऊक नसता तुलना करणे व्यर्थ आहे.

विक्रमांचेही तसेच आहे. याची ठळक उदाहरणे मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये सापडतात. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळीने नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ धावा केल्या. त्यांच्या ६६४ धावांच्या अभंग भागीदारीची कीर्ती जगभर झाली. २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावांची भागीदारी करून तो उच्चांक मोडला.

त्या १९८८ च्या डावात आणखी एक मुलगा पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता. त्याचे नाव अमोल मुजुमदार. त्याची पाळी आलीच नाही. धावफलकावर त्याच्या नावापुढे काहीच नाही. पुढे १९९४ मध्ये त्याने मुंबईकडून रणजी पदार्पणात २६० धावा केल्या. भारताच्या संघात मात्र त्याला कधीच स्थान मिळाले नाही. तोच मुजुमदार २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक होता. धावफलकावरील रिकामी जागा म्हणजे आयुष्यातील रिकामी जागा नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण कल्याणचे. जानेवारी २०१६ मध्ये रिक्षाचालकाचा मुलगा प्रणव धनावडे याने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. त्यांत १२९ चौकार व ५९ षटकार होते. इंग्लंडमधील कॉलिन्स या शाळकरी मुलाचा १८९९ मधील नाबाद ६२८ धावांचा उच्चांक त्याने मागे टाकला. पण प्रतिस्पर्धी संघ अगदीच दुबळा होता. त्याचे दोन्ही डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. यामुळे प्रणवच्या चिकाटीचे मोल कमी होत नाही. एवढ्या वेळ खेळपट्टीवर उभे राहणे सोपे नाही. मात्र त्या एका आकड्यावरून लोकांनी त्याचे सारे भवितव्य ठरवून टाकले. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे खेळ मनासारखा होईना, तेव्हा २०१७ मध्ये कुटुंबानेच ती थांबविण्याची विनंती केली. कोवळ्या खांद्यांवर आकड्याचे ओझे किती पडते, हे यावरून दिसते.

तात्पर्य, विक्रमाची नोंद अवश्य ठेवावी. आपल्या उणकल-हुबळीच्या शाळांनीही एक वही घालावी. पण तीत केवळ धावा नकोत. तारीख, वयोगट, प्रतिस्पर्धी, मैदान, समोरच्या टोकाला कोण उभा होता आणि पाळीची वाट पाहत कोण बसला होता, हेही लिहावे. अशी वही पुढे वाचणाऱ्याला आकड्याबरोबर ती मुलेही दिसतील.