शेरलॉक होम्सचे जनक

लंडनच्या बेकर स्ट्रीटवर राहणारा चाणाक्ष गुप्तहेर शेरलॉक होम्स याचे नाव ज्याने ऐकले नाही असा वाचक विरळाच. कित्येक लोक त्याच्या नावे पत्रे धाडीत. तो केवळ कल्पनेतला पुरुष आहे, हे त्यांच्या मनास पटतच नसे. त्याचे निर्माते सर आर्थर कॉनन डॉयल यांची जीवनकथाही तितकीच वाचनीय आहे.

आर्थरचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. घराणे चित्रकारांचे. आजोबा जॉन डॉयल हे नामांकित व्यंगचित्रकार होते. वडील चार्ल्स यांच्याही हाती कला होती. परंतु मद्याच्या व्यसनाने त्यांचा घात केला. सरकारी नोकरी गेली, प्रकृती ढासळली आणि अखेरची वर्षे त्यांना मनोरुग्णालयात कंठावी लागली. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी हिने वाहिला. ती बहुश्रुत होती. गोष्ट सांगताना उत्कंठेचा प्रसंग आला, की ती आपला आवाज अगदी हलका करी आणि आर्थर श्वास रोखून ऐके. कथा सांगण्याचे पहिले धडे त्याला मिळाले ते येथे.

वैद्यकाचे शिक्षण चालू असतानाच, १८८० साली, आर्थर देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून उत्तर ध्रुवाकडील समुद्रात गेला. त्या सफरीत सुमारे ५० पौंड मिळाले. घरी परतल्यावर त्याने ती सुवर्णनाणी आपल्या कपड्यांच्या निरनिराळ्या खिशांत लपवून ठेवली. आईला ती शोधून काढण्याचा आनंद मिळावा, एवढाच हेतू!

एडिंबरोच्या विद्यापीठात डॉ. जोसेफ बेल हे त्याचे गुरू होते. एकदा एक रोगी समोर येताच, तो सैन्यातून नुकताच मुक्त झालेला असून बार्बाडोस बेटावर होता, असे त्यांनी सांगितले. विद्यार्थी चकित झाले. बेल म्हणाले, की हा मनुष्य विनयशील आहे, पण त्याने टोपी काढली नाही. सैन्यात ती काढण्याची रीत नसते, आणि नागरी रीतिरिवाज अंगवळणी पडण्याइतका काळ अजून लोटलेला नाही. शिवाय त्याला हत्तीरोग झाला आहे, आणि तो रोग वेस्ट इंडीजकडचा. होम्सची दृष्टी ती हीच.

होम्सची पहिली कथा १८८७ साली छापली गेली. तिचे सर्व हक्क अवघ्या २५ पौंडांना विकले गेले. पुढल्या वर्षी ती पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा तिच्यातील चित्रे रुग्णालयात असलेल्या चार्ल्स यांनीच काढली होती. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकातील कथांनी कीर्ती दिली. पण डॉयल यांना ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक प्रिय! होम्सला मारून टाकावे, असे त्यांनी आईला लिहिले. तिने साफ विरोध केला. दोन वर्षे त्यांनी तिचे ऐकले. अखेर १८९३ साली होम्स स्वित्झर्लंडमधील धबधब्यात पडला. वाचकांचा रोष एवढा, की पुढे त्याला परत आणावे लागले.

१९०६ साली त्यांची पत्नी लुईझा क्षयाने वारली. त्या दुःखातून बाहेर येताना त्यांनी एका निरपराध तरुणाचे प्रकरण हाती घेतले. जॉर्ज एडलजी हा वकील. त्याचे वडील शापूरजी मूळचे मुंबईचे पारशी, पुढे इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले. रात्री जनावरास जखमी केल्याच्या आरोपावरून जॉर्जला १९०३ साली सात वर्षांची शिक्षा झाली होती. तीन वर्षांनी त्याची सुटका झाली, पण कलंक राहिलाच. डॉयल त्याला भेटावयास गेले, तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरून तिरके वाचीत होता. एवढ्या अधू दृष्टीचा मनुष्य काळोखात शेते तुडवीत कसा जाईल? त्यांनी वर्तमानपत्रातून लेख लिहून हा प्रश्न सरकारपुढे मांडला. १९०७ साली जॉर्ज निर्दोष ठरला. नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही, हे न्यायाला शोभले नाही. त्याच वर्षी डॉयल यांनी जीन लेकी हिच्याशी विवाह केला आणि त्या समारंभास जॉर्जला अगत्याने बोलाविले.

पहिल्या महायुद्धात जखमी झालेला थोरला मुलगा किंग्जली १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत वारला; पुढल्याच वर्षी धाकटा भाऊ इनेस गेला. ७ जुलै १९३० रोजी डॉयल यांचे देहावसान झाले. त्यांची धाकटी कन्या जीन पुढे ब्रिटिश वायुदलाच्या महिला विभागाची प्रमुख झाली. तिच्या नावात ‘ॲनेट’ हेही एक नाव होते. आर्थरच्या विद्यार्थिदशेत पोर्तुगालमध्ये शिक्षिकेची नोकरी करून जी बहीण घरी पैसे धाडीत असे, तिचे ते नाव.