दोषाला स्वभाव कधी म्हणायचं?

यंत्रातल्या दोषाला गुण कधी म्हणायचं, हा आजचा प्रश्न. तो हवेत राहू नये म्हणून आपण एक ठोस उदाहरण घेऊ : अ‍ॅनालॉग सिंथेसायझर.

१९७० चा मिनीमूग किंवा १९७८ चा प्रॉफेट-५ घ्या. त्यांत स्वर निर्माण होतो तो ऑसिलेटर नावाच्या विद्युत्-मंडलात. हिशोब सोपा आहे. एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक वर जातो. सप्तकात बारा स्वर, आणि लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एकेका भागाला सेंट म्हणतात. म्हणजे एक सेंट हा एका मिलिव्होल्टपेक्षाही कमी!

व्होल्टच्या सरळ मापाचं दर सप्तकाला दुप्पट होणाऱ्या कंपनांत रूपांतर करतो ट्रान्झिस्टर, आणि त्याचं वागणं तापमानावर अवलंबून असतं. खोलीच्या तापमानाच्या आसपास एका अंशाने मापात सुमारे ०.३३ टक्के फरक पडतो. पाच सप्तकांच्या अंतरावर तो वीस सेंट होतो. उष्णतेबरोबर स्वतःही बदलणारे रोधक बसवून ही चूक कमी करता आली, पण ती संपली नाही.

प्रॉफेट-५ मध्ये एका वेळी पाच स्वर वाजत, प्रत्येकाला दोन ऑसिलेटर. म्हणजे दहा ऑसिलेटर, आणि दहांची दहा मतं. म्हणून डेव्ह स्मिथ यांच्या या वाद्यात ट्यूनचं एक बटण होतं. ते दाबलं की आतला मायक्रोप्रोसेसर प्रत्येक ऑसिलेटरचा स्वर मोजायचा आणि त्याच्यापुरती दुरुस्ती लक्षात ठेवायचा. पुढे १९८२ च्या जुनो-६० मध्ये स्वराची कंपनं थेट डिजिटल घड्याळाच्या ठोक्यांवर बांधली गेली. स्वर ढळणं थांबलं.

आणि मग लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. असं का व्हावं? एक ऑसिलेटर सेकंदाला ४४० कंपनं करतो आणि दुसरा ४४१, तर आवाज सेकंदातून एकदा फुगतो आणि ओसरतो. तंबोरा लावताना जोडीच्या तारा जवळ येऊ लागल्या की असेच हेलकावे ऐकू येतात. ऑसिलेटर हळूहळू ढळत असतील तर या हेलकाव्यांची गतीही बदलत राहते. कानाला ती हालचाल हवीशी वाटते.

मग ती परत कशी आणायची? पहिला विचार असा सुचतो की दर वेळी पट्टी दाबली की स्वरात यादृच्छिक आकडा मिसळावा. पण हे फसवं आहे. खऱ्या यंत्रातली चूक लहरी नसते. तिला कारण असतं आणि कालचा मागमूसही असतो. तिचे तीन थर वेगळे करायला हवेत. पहिला, सुट्या भागांतल्या फरकामुळे प्रत्येक व्हॉइसला मिळालेला कायमचा स्वभाव : एकाचा फिल्टर किंचित आधी उघडतो, दुसऱ्याचा स्वर किंचित उशिरा विरतो. दुसरा, यंत्र तापताना होणारं संथ ढळणं. आत्ताचा स्वर मघाच्या स्वराजवळच असतो. तिसरा, बारीकशी थरथर. नुसता यादृच्छिक आकडा म्हणजे पूर्वायुष्य नसलेली चूक. ती ऐकताना वाद्य जिवंत वाटत नाही, बिघडलेलं वाटतं.

२०२० साली प्रॉफेट-५ पुन्हा बाजारात आला तेव्हा त्यावर ‘व्हिंटेज’ नावाचं बटण होतं. एका टोकाला ठाम स्थैर्य, दुसऱ्या टोकाला जुन्या यंत्राचा ढिलेपणा. गंमत बघा, ऑसिलेटर अ‍ॅनालॉगच आहेत. संगणक आधी त्यांना शिस्त लावतो आणि मग मोजून बेशिस्त करतो.

याला कुणी ढोंग म्हणेल. आम्हांला तसं वाटत नाही. दोष हा वस्तूत नुसता पडलेला नसतो. तो प्रयोजनाच्या संदर्भात दोष ठरतो. १९७८ मध्ये रंगमंचावर इतर वाद्यांशी स्वर जुळणं हे प्रयोजन होतं, तिथे ढळणं हा दोषच होता. आज जुळण्याची हमी असल्यावर तेच ढळणं रंग म्हणून निवडता येतं. फरक मात्र विसरू नये : तेव्हाच्या वादकाला ते सोसावं लागे, आजचा वादक ते ठरवतो. त्यामुळे जबाबदारीही त्याच्याकडे आली. स्वर बेसूर लागला तर आता हवेला बोल लावता येणार नाही.

हाच प्रश्न छायाचित्रातल्या रवाळपणालाही विचारता येईल. पुढच्या वेळी आपण तिथून सुरुवात करू.