मोडीच्या भावातलं घड्याळ

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात 'पॉन शॉप' शोधत फिरलात, तर काचेआड किमतीच्या चिठ्ठ्या लावलेली जुनी घड्याळं कुठेही दिसणार नाहीत. इथे गहाणाचा धंदा सराफी पेढीवर चालतो. दर्शनी भागात पैंजण आणि जोडवी, आत तिजोरी, आणि गहाणाच्या वस्तू त्या तिजोरीत पुडीत बांधलेल्या. त्यातली वस्तू बघायला मागू नये. ती अजून दुसऱ्याची असते. 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे कर्ज थकलं तरी गहाण घेणाऱ्याला आधी वाजवी मुदतीची नोटीस द्यावी लागते, मगच ती विकता येते. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत मूळ मालक पैसे भरून ती सोडवू शकतो.

आपल्याला हवं ते खिशातलं जुनं घड्याळ मोडीत असतं. बुडालेलं गहाण असो की घरच्यांनी थेट मोडायला आणलेला जिन्नस, दोन्ही शेवटी तिथेच जाऊन आटणीची वाट बघतात. सराफ चांदी तोलतो, घट धरतो, भाव लावतो. खिशातल्या घड्याळाची काच, काटे आणि यंत्र त्याच्या लेखी कचरा. ते काढल्यावर उरणाऱ्या डबीचं वजन तेवढं खरं. घड्याळ स्वस्तात मिळतं ते या हिशेबामुळे. आणि याच हिशेबामुळे चांदीचा भाव चढला की चांगली चांगली घड्याळं भट्टीत जातात. म्हणून पेढीवर जाऊन 'अँटिक आहे का?' असं विचारण्यापेक्षा, 'शेठ, मोडीत साखळीचं घड्याळ आलं तर आटवायच्या आधी दाखवा, मोडीपेक्षा थोडं जास्त देईन' एवढं सांगून ठेवावं. अँटिक म्हटलं की भाव तिथेच दुप्पट होतो.

निकेलच्या किंवा पोलादी डबीचं घड्याळ मात्र पेढीवर येतच नाही, कारण त्यावर कर्ज कोण देणार? ते भंगारवाल्याकडे जातं, नाहीतर स्टेशनजवळच्या म्हाताऱ्या घड्याळजीच्या खणात. माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. वेस्ट एंड वॉच कंपनीने मुंबई आणि कलकत्त्याहून विकलेली स्विस घड्याळं साध्या डबीतही यंत्राने उत्तम असतात.

या गावांत असा माल निघावा याला इतिहासाचा आधार आहे. कल्याणहून पळसदरीकडे जाणारा लोहमार्ग 1856 मध्ये सुरू झाला. अंबरनाथ आणि बदलापूर त्याच मार्गावर, आणि रेल्वे म्हणजे घड्याळावर चालणारं काम. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. घाईत निघालेला माणूस अंगावर आणि खिशात मावेल तेच घेतो.

घड्याळ हातात आलं की आधी डबी उघडून आतल्या बाजूचे बारीक शिक्के भिंगाने वाचावेत. चालता सिंह म्हणजे इंग्लिश चांदी, हजारात 925 भाग. सोबत जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम, आणि त्याशेजारच्या एका अक्षरावरून नेमकं वर्ष काढता येतं. स्विस डबीवर रानकोंबडा म्हणजे 800 ची चांदी, अस्वल म्हणजे त्याहून शुद्ध. खार 14 कॅरट सोन्याची, स्त्रीचं मस्तक 18 कॅरटचं. 'गॅरंटीड 20 इयर्स' असं कोरलेलं असेल तर ते सोनं नव्हे, वर चढवलेला पत्रा. गॅरंटी त्या पत्र्याच्या टिकण्याची. आतलं झाकण पुष्कळदा पितळेचंच असतं, ते वजनात धरू देऊ नये.

मग यंत्र. किल्ली देण्याआधी घड्याळ आडवं धरून मनगटाने हलकेच फिरवा. बॅलन्सचं चाक मोकळं झुलून परत आलं पाहिजे. ते लंगडत असेल किंवा एका बाजूला कललं असेल, तर त्याचा दांडा तुटलाय; तो नव्याने कातून देणारा कारागीर आता क्वचित सापडतो, आणि सापडला तर मजुरी घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त सांगतो. तबकडी मिन्याची असेल तर तिरप्या उजेडात केसासारख्या चिरा दिसतात. दोन-तीन चिरा चालतात, उडालेला टवका चालत नाही. मागच्या बाजूला चौकोनी खुंटी असेल तर घड्याळ वेगळ्या चावीचं आहे. चावी हरवलेली असते, पण मापाची मिळते, त्यामुळे ते घासाघीस करायला चांगलं निमित्त.

तबकडीवर आगगाडीचं इंजिन आणि 'रेल्वे रेग्युलेटर' अशी अक्षरं बघून हुरळू नये. त्यात बहुतेक वेळा रोस्कॉफ पद्धतीचं स्वस्त यंत्र निघतं. 1867 मध्ये कामगारांना परवडावं म्हणून स्वित्झर्लंडमध्ये ते बाजारात आलं. जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ही कोरीव अक्षरं मात्र थांबून बघावीत. त्या रेल्वेची 1951 मध्ये मध्य रेल्वे झाली, तेव्हा घड्याळ त्याआधीचं. अर्थात अक्षरं नव्याने कोरलेली नसतील तर! नकली मालाचं म्हणाल तर, 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद इथलेच लोक हसत सांगतात. पिवळीधमक पितळी डबी, गुळगुळीत छापील तबकडी आणि लंडनच्या नावाची मोठी अक्षरं एकत्र दिसली, तर तो माल शोभेचा आहे.

भाव ठरवताना डबीची मोड किंमत तळाला धरा आणि वर किती द्यायचं ते सर्व्हिसिंगचा खर्च वजा करून ठरवा. बंद घड्याळ 'नुसतं तेल घालायचंय' म्हणून दाखवलं, तर ते दुरुस्तीचं आहे असं समजूनच बोला.

घेताना पावती घ्याच, वर्णन आणि डबीवरचा क्रमांक लिहून. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं गुन्हा आहे, आणि पोलीस आले तर तोच कागद आपल्या बाजूने बोलतो. घड्याळ 100 वर्षांहून जुनं असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट पाठवायचा विचार असेल तर त्याहून नवं शोधा.

घरी आणल्यावर चालवून बघायचा मोह होतो. वाळलेलं तेल धुळीसकट चाकांच्या टोकांना घासतं, म्हणून आधी घड्याळजीकडून ते पूर्ण उघडून साफ करून घ्यावं. नंतर रोज सकाळी एकाच वेळेला किल्ली द्यावी आणि अडली की तिथेच थांबावं.