यार्डातला पिवळा दिवा : तो पेटतो कसा, परवडतो का?



गळीत हंगामात रात्री उसाची गाडी घेऊन आलेल्या प्रत्येकाने उंच खांबावरचा पिवळा दिवा पाहिलेला असतो. मुंबईहून अहमदाबाद महामार्गाला लागलं की दहिसर नाक्याजवळ मीरा-भाईंदरमधला पेणकरपाडा येतो. तिथे लहान कारखान्यांचे गाळे आहेत, मालट्रकची ये-जा आहे. अशा वस्तीला रात्री जसा भरपूर उजेड लागतो, तसाच तो आपल्या वजनकाट्याला आणि गव्हाणीलाही लागतो. असल्या कामासाठीच हे दिवे निघाले. पारा, सोडियम आणि मेटल हॅलाइड असे त्यांचे तीन प्रकार आहेत.

साध्या बल्बात तार तापून उजेड पडतो. या दिव्यात तार नसते. आत बोटाएवढी नळी असते. तिच्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पडते, नळीतला पारा किंवा सोडियम तापून त्याची वाफ होते आणि ती वाफच प्रकाश देते. म्हणून बटण दाबल्यावर पूर्ण उजेडाला चार-पाच मिनिटे लागतात. सोडियमच्या दिव्यात पहिली ठिणगी इग्नायटर पाडतो. ती काही हजार व्होल्टची असते. पुढे वीज बेफाम वाढू नये म्हणून चोक लागतो. बैलाला वेसण, तसा दिव्याला चोक!

आता हिशेब पाहू. 250 वॅटचा एक सोडियम दिवा 100 वॅटच्या सुमारे 20 बल्बांएवढा उजेड देतो. रोज 12 तास, 150 दिवस धरले तर 1,800 तास झाले. बल्बांना 3,600 युनिट लागतील. सोडियमला चोकसह सुमारे 500. शिवाय साधा बल्ब हजार तासांत जातो, तर चांगला सोडियम दिवा वीस हजारांवर तास चालतो. ज्या कारखान्यात बगॅसपासून वीज करून विकतात, तिथे वाचलेलं युनिट म्हणजे सभासदांचाच पैसा.

दोष सांगितलेच पाहिजेत. वीज क्षणभर गेली तरी दिवा विझतो आणि गरम असताना लगेच पेटत नाही. सोडियमला एक-दोन मिनिटे, पाऱ्याच्या आणि मेटल हॅलाइडच्या दिव्याला पाच ते पंधरा मिनिटे लागतात. ‘बल्ब उडाला’ म्हणून कुणी खांबावर चढू नये. तेवढा वेळ गाडीवानांनी बैल जागीच धरावेत, ट्रॅक्टर मागे घेऊ नये. यार्डात निदान एक-दोन दिवे तरी झटकन पेटणारे हवेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाऱ्याच्या किंवा मेटल हॅलाइड दिव्याची बाहेरची काच फुटली तरी आतली नळी जळत राहू शकते. तिच्यातून निघणाऱ्या अतिनील किरणांनी डोळे आणि कातडी भाजते. असा दिवा ताबडतोब बंद करवून घ्या. फुटलेला दिवा उकिरड्यावर टाकू नका. पारा माती-पाण्यात उतरतो. म्हणूनच 2013 च्या मिनामाता करारात पाऱ्याच्या वाफेचे दिवे 2020 नंतर बनवू नयेत असं ठरलं.

आज नवा दिवा घ्यायचा तर एलईडी बरा. तो लगेच पेटतो, हवा तिथेच उजेड टाकतो, वीजही कमी खातो. पण चालू असलेला सोडियम दिवा उगाच फेकू नये. तो गेला की बदलावा आणि जुना विद्युत विभागात जमा करावा.

यार्डात उजेड कमी वाटला तर गेटवर नोंद करा. अंधारात एक बैल दुखावला, तर वाचवलेली सगळी युनिटं पाण्यात गेली.