‘गिव्ह अप’ : देणें कीं सोडणें?

इंग्रजींत क्रियापदापुढें एखादें लहानसें अव्यय येऊन बसलें म्हणजे मूळ अर्थ पार पालटून जातो. ‘गिव्ह’ म्हणजे देणें व ‘अप’ म्हणजे वर, हें नुकताच इंग्रजीचा आरंभ केलेला मुलगाही सांगेल. परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘वर देणें’ नव्हे, ‘सोडून देणें’ होय. गंमत अशी कीं, या मराठी पदांतही ‘देणें’ आहेच, आणि कोणी कोणास कांहीं देत नाहीं! ‘टाकून देणें’, ‘फेकून देणें’ येथेंही तोच प्रकार. इंग्रजीच्या ज्या खोडीच्या नांवानें विद्यार्थी बोटें मोडतात, ती आपल्या घरचीही आहे.

या पदाचा भाव कर्मावर अवलंबून असतो. ‘ही गेव्ह अप टोबॅको’ म्हणजे त्यानें तंबाखू सोडली. ही स्तुति झाली. ‘ही गेव्ह अप हिज स्टडीज’ म्हणजे त्यानें शिक्षण सोडलें. हें ऐकून पालकांच्या पोटांत गोळा उठावा. ‘ही गेव्ह अप हिज सीट’ यांत मात्र आपली जागा दुसऱ्यास खरोखरच दिलेली असते. आणि कर्मच नसलें, नुसतें ‘ही गेव्ह अप’ असलें, तर त्यानें धीर सोडला, प्रयत्न थांबविला, असा अर्थ होतो.

येथें कोल्हापूरकरांनीं विशेष जपावें. खासबागेंतील कुस्तीचें वर्णन करितांना मल्ल चीत झाला कीं मुलें ‘ही गेव्ह अप’ असें लिहून मोकळीं होतात. हा त्या मल्लावर अन्याय आहे. पाठ मातीला लागली म्हणजे तो हरला, ‘ही लॉस्ट’. अखेरच्या क्षणापर्यंत झुंजणाऱ्यानें ‘गिव्ह अप’ केलें असें कसें म्हणावें? राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले. पदक हुकलें, ‘बट ही डिड नॉट गिव्ह अप’. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. हरणें आणि सोडणें या भिन्न क्रिया आहेत, व इंग्रजीनें त्यांस निरनिराळे शब्द ठेविले आहेत.

‘गिव्ह इन’ हें शेजारचें पद. जोतिबाच्या यात्रेंत मूल हटून बसलें आणि आईनें शेवटीं फुगा घेतला, तर ‘शी गेव्ह इन’. ती दुसऱ्याच्या हट्टापुढें नमली. ‘गिव्ह अप’ला असा समोर कोणी लागतोच असें नाहीं.

राहिली शब्दांची जागा. ‘गिव्ह अप टोबॅको’ व ‘गिव्ह टोबॅको अप’ हीं दोन्हीं चालतात. सर्वनाम आलें कीं मात्र ‘गिव्ह इट अप’ हेंच शुद्ध, ‘गिव्ह अप इट’ नव्हे. तसेंच ‘गिव्ह अप टु स्मोक’ असेंही लिहूं नये. ‘गिव्ह अप स्मोकिंग’ लिहावें.