चुंबकावरणाच्या कंपनांचा वेध

इ. स. १८५९ च्या ऑगस्टअखेरीस पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ उसळले, त्याची नोंद लंडननजीकच्या क्यू वेधशाळेत छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप उमटत होती. आणि टांगलेल्या चुंबकावरील आरशाने फेकलेल्या प्रकाशाची ती रेघ बारकाईने तपासताना बाल्फर स्टुअर्ट यांना असे आढळले की, वादळाच्या मोठ्या चढउतारांवर अर्ध्या मिनिटापासून चार-पाच मिनिटांपर्यंतचे लहान हेलकावे स्वार झालेले आहेत. १८६१ साली त्यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याची उपपत्ती मात्र पुढच्या शतकात लागली.

चुंबकावरणातील, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशातील, प्लाझ्मा, म्हणजे विद्युत्भारित कणांचे विरळ द्रव्य, पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांशी जखडलेले असते. अशा द्रव्यातून बलरेषांच्या दिशेने लाटा धावतात, हे १९४२ साली हानेस आल्फव्हेन यांनी प्रतिपादिले. आणि १९५४ साली जेम्स डंजी यांनी असा सिद्धान्त मांडला की, जिची दोन्ही टोके उत्तर व दक्षिण गोलार्धांच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरात, रोवलेली आहेत अशी बलरेषा तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे स्वतःच्या ठराविक वारंवारतेने कंप पावेल. चुंबकीय बल हा तिचा ताण आणि प्लाझ्मा हे तिचे वजन. म्हणून ध्रुवाकडील लांब रेषांचे एक आवर्तन कित्येक मिनिटांचे, तर मध्यम अक्षांशांवरील आखूड रेषांचे काही दशक सेकंदांचे असते.

आता, हेलकावा दिसला म्हणजे अनुनाद, म्हणजे स्वाभाविक वारंवारतेशी जुळणाऱ्या लाटेने रेषेचे डोलणे, सिद्ध झाला असे नव्हे. सेकंदास सुमारे चारशे किलोमीटर वेगाने वाहणारा सौरवात चुंबकावरणाची सीमा हलवतो आणि त्या लाटा आत शिरतात. ज्या रेषेची स्वाभाविक वारंवारता त्यांच्याशी जुळते, तीच जोराने डोलू लागते. याचा भक्कम दाखला १९७१ साली कॅनडातील दक्षिणोत्तर चुंबकमापकांच्या मालिकेने दिला: सॅमसन, जेकब्स आणि रोस्टोकर यांना एका विशिष्ट अक्षांशावर कंपनाचा जोर सर्वाधिक आढळला, आणि त्या अक्षांशाच्या दोन बाजूंस क्षेत्राची फिरण्याची दिशा परस्परविरुद्ध दिसली. १९७४ साली साउथवुड यांनी, आणि चेन व हासेगावा यांनी, स्वतंत्रपणे गणिताने हेच स्पष्ट केले.

भूपृष्ठावरील क्षेत्र पंचवीस ते पासष्ट हजार नॅनोटेस्ला, तर हे हेलकावे बहुधा त्याच्या हजारांशाहूनही लहान. म्हणून यंत्रांना शांत जागा लागते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, चुंबकीय वेध कुलाब्याहून अलिबागेस नेण्यात आले, ते याच निकडीपोटी. आज सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरील, दक्षिणोत्तर मांडलेल्या दोन यंत्रांच्या नोंदी ताडून पाहतात. ज्या वारंवारतेला त्यांच्या कलांतील, म्हणजे हेलकाव्यांच्या टप्प्यांतील, फरक सर्वाधिक, ती त्यांच्या मधोमध पाय रोवलेल्या रेषेची.

वारंवारता कळली की रेषेवरील प्लाझ्म्याची घनता गणिताने काढता येते, आणि हाच या विद्येचा मोठा लाभ होय. याच मंद लाटा प्रारण-पट्ट्यांतील इलेक्ट्रॉनांना वेग देतात, आणि ते वेगवान इलेक्ट्रॉन उपग्रहांच्या यंत्रणेस बाधतात. उपग्रह स्वतः एका क्षणी एकाच ठिकाणचा वेध घेतो. विस्तीर्ण प्रदेशावर अहोरात्र नजर ठेवण्याचे काम जमिनीवरील वेधशाळांचेच आहे, आणि म्हणून त्यांची दप्तरे अखंड राखणे हे आपले कर्तव्य ठरते.